सर्क्युलेटिंग लायब्ररीतले सेन्सेई

प्रत्येक सर्क्युलेटिंग लायब्ररीत एक सेन्सेई, म्हणजे जपानी थाटाचा गुरुजी, असतोच. आमच्याकडचे बँकेतून निवृत्त झालेले आहेत. खरं नाव आता फक्त वर्गणीच्या पावतीवर उरलंय. पायांत करकरीत कोल्हापुरी, आणि ती वाजू नये म्हणून पावलं जपून टाकत ते कपाटांमधून फिरतात. कोल्हापुरी वाजतेच. तरीही तुमच्या पाठीशी येऊन ते हलकेच खाकरतात, आणि तुम्ही दचकलात की समाधानाने म्हणतात, "सावध नव्हतात."

या सगळ्याच्या मुळाशी एक जाडजूड पेपरबॅक आहे. एरिक व्हॅन लस्टबेडरची 'द निंजा', साल 1980. नायक निकोलस लिनिअर. बाप इंग्रज कर्नल, आई पूर्वेकडची, बालपण युद्धानंतरच्या टोकियोत. पुढे अमेरिकेत लाँग आयलंडच्या किनाऱ्यावर जरा निवांत बसतो न बसतो तोच खून पडायला लागतात, आणि पद्धत अशी की न्यूयॉर्कच्या पोलिसांना काही उमगत नाही, फक्त याला उमगतं. मधूनमधून मोठ्यांसाठीचा मजकूर. मधूनमधून म्हणजे बऱ्यापैकी मधूनमधून.

या पुस्तकाबद्दल लोकांना काय वाटलं ते जाणून घ्यायला कुठल्या समीक्षकाकडे जायची गरज नाही. आमच्या प्रतीचं पुट्ठ्याआतलं कोरं पान उघडायचं. सगळ्यात वर बॉलपेनने: "वेळेचा अपव्यय." त्याखाली दुसऱ्या हाताने: "मग शेवटपर्यंत का वाचलंत?" मग, "फायटिंग बरी आहे, नावं लक्षात राहत नाहीत." एकाने नुसतंच "खुनी कोण ते पान अमुक" असं लिहून पुढच्या पन्नासेक वाचकांचं वाटोळं केलंय. एका सुबक, मोत्यासारख्या अक्षरात सूचना आहे: "मुलांच्या हाती देऊ नये." तिच्याखाली पेन्सिलीने, घाईघाईत: "कुठल्या पानापासून?"

सेन्सेईंचा अभिप्राय मागच्या कोऱ्या पानावर आहे, हिरव्या शाईत, मुद्दे घालून. बँकेत हिरवी शाई साहेबाला असायची, यांना ती निवृत्तीनंतर मिळाली. जपानी मनाचा असा ठाव पाश्चात्त्य लेखकाने क्वचितच घेतला असेल, असा मुद्दा क्रमांक एक. शेवटचा मुद्दा: "काही प्रसंग टाळता आले असते." त्याखाली कुणीतरी विचारलंय, "तुम्ही टाळलेत का?" हा प्रश्न सेन्सेईंनी अनुत्तरित ठेवलाय. कारण खरा योद्धा प्रत्येक वाराला प्रतिवार करत नाही.

त्यांच्या घरी स्वतःची प्रतही आहे. तिला कालनिर्णयच्या पाठकोऱ्या पानाचं कव्हर, वर स्वच्छ अक्षरात 'झेन'. कव्हर बायकोसाठी. बायकोने अर्थातच पुस्तक दोन दुपारींत संपवलं आणि हळदीकुंकवाला आलेल्या चौघींना गोष्टही सांगून टाकली. वहिनींचा अभिप्राय मला आजवरच्या सगळ्या अभिप्रायांत सरस वाटतो. "अहो, एवढं जपान-अमेरिका करून शेवटी निघालं काय? चुलतभाऊ! म्हणजे भाऊबंदकीच की. आमच्याकडे ओटी-पडवीवरून कोर्टात गेले, यांनी तलवारी काढल्या." निकोलस आणि त्याचा हा भाऊ सायगो यांचं वैर इतकं थोडक्यात कुणी मांडलं नसेल. सेन्सेई मात्र दोन दिवस जेवताना बोलले नाहीत. ते मौन निंजुत्सूचं होतं की नवऱ्याचं, ते वहिनींनाही सांगता येईना.

कादंबरीतून त्यांनी उचललेली मुख्य गोष्ट म्हणजे पोटातून येणारी अतींद्रिय जाणीव. दाराची बेल वाजली की डोळे मिटून, बेंबीवर तळहात ठेवून ते क्षणभर थांबतात. "गॅसवाला," असं खालच्या आवाजात सांगतात. दार उघडलं की इस्त्रीवाला. "त्याच्या मनात गॅसचा विचार असणार," म्हणून कडी लावून घेतात.

लेखक स्वतः कुठल्यातरी डोंगरात वर्षानुवर्षं तालीम घेऊन आला असणार, ही त्यांची पक्की समजूत. लस्टबेडर न्यूयॉर्कचा, आणि कादंबरीकार होण्याआधी संगीताच्या धंद्यात होता, असं मी एकदा बोलून बसलो. सेन्सेई हसले. "तसं दाखवायचं असतं," म्हणाले. या उत्तरावर जगात तोड नाही. निंजाबद्दल काहीही खोटं ठरलं की ते वेषांतर, आणि काहीच सापडलं नाही तर तोच भक्कम पुरावा.

ही युक्ती त्यांना खरं तर दुसऱ्या पुस्तकाने शिकवली. ट्रेव्हेनियनची 'शिबुमी', 1979. तीत नायकाच्या मारण्याच्या पद्धतींचं वर्णन लेखक मुद्दाम टाळतो आणि तळटीपेत कारण देतो की आपल्या आधीच्या पुस्तकांतल्या गोष्टी लोकांनी खरोखर करून पाहिल्या, तेव्हा आता नको. बाकीच्या वाचकांना ही थट्टा वाटते, मलाही वाटते. सेन्सेई ती टीप वाचून उभे राहिले होते म्हणे. तेव्हापासून कुणी पोराने "काका, एखादा डाव दाखवा ना" म्हटलं की ते मान हलवतात. "नको रे बाबा. जबाबदारी असते." गुडघ्याचं दुखणं त्या जबाबदारीत आपोआप झाकलं जातं.

मराठी वाचक आणि निंजा समोरासमोर आले की शिवाजी महाराजांचे हेर बहिर्जी नाईक मध्ये येणारच. सेन्सेईंच्या मते जपान्यांनी हे सगळं आपल्याकडून नेलं. सनावळी काढायला गेलं तर पंचाईत होते. जपानी सरदार ओदा नोबुनागाने निंजांचा बालेकिल्ला असलेला इगा प्रांत उद्ध्वस्त केला 1581 मध्ये, तेव्हा शिवाजी महाराजांच्या जन्माला अजून जवळजवळ पन्नास वर्षं होती. पण निंजांच्या विद्येचा मोठा ग्रंथ, 'बानसेनशूकाई', 1676 साली सिद्ध झाला, म्हणजे रायगडावरच्या राज्याभिषेकानंतर दोनच वर्षांनी. हे कळल्यावर सेन्सेईंनी टेबलावर मूठ आपटली. "बघा! बातमी पोचली होती!" गंमत बाजूला ठेवली, तर बहिर्जींची आठवण काढण्यात ते फारसे चुकत नाहीत. खरा शिनोबी, म्हणजे निंजाच, भिक्षू होऊन, फेरीवाला होऊन बातमी काढायचा, मारामारी शक्यतो टाळायचा. डोक्यापासून पायापर्यंत काळा पोशाख ही बरीचशी नाटकाची देणगी. काबुकीत रंगमंचावरचं सामान हलवणारे मदतनीस काळ्या कपड्यांत असतात आणि प्रेक्षकांनी ते दिसतच नाहीत असं धरून चालायचं असतं. त्यांतल्याच एकाने अचानक सुरी काढली तर? निंजाला याहून चांगली एंट्री कोण देणार! मी हे सांगितलं तेव्हा सेन्सेईंचा चेहरा पडला. दिवाळीत हौसेने शिवून घेतलेला काळा झब्बा त्यांच्या अंगावर होता.

माझं मत विचाराल तर टोकियोतल्या लहानपणाची प्रकरणं आजही वाचवतात, न्यूयॉर्कची फुगवलेली आहेत, आणि बायकांच्या वाट्याला लेखकाने फार विचार येऊ दिलेला नाही. सेन्सेईंना हे मान्य नाही. त्यांचं म्हणणं, कथा अखंड वाचायची, आणि 'तसली' पानं सरळ उलटून पुढे जायचं. ते स्वतः तसंच करतात, हे त्यांनी काउंटरवर निदान दहा जणांना ऐकवलंय.

गेल्या शनिवारी इंजिनीअरिंगचा एक मुलगा तेच पुस्तक परत घेऊन आला. लायब्ररीत गर्दी, रांगेत दोन बायका, काउंटरवर मालक. मुलगा कुरकुरत होता: "काका, मधलं एक पान फाटलंय. ती दोघं समुद्रकिनाऱ्यावरच्या घरात येतात आणि पुढच्या पानावर एकदम सकाळच होते."

"दोनशे अमुकच्या पुढचं ना?" कपाटामागून आवाज आला. कोल्हापुरी या वेळी वाजली नव्हती. "काही अडायचं नाही. ती आधी खिडकीपाशी जाते, मग तो दिवा मालवतो, मग ती म्हणते..." इथे सेन्सेईंची नजर रांगेकडे गेली. ते थांबले, बेंबीवर तळहात ठेवला.

"...आणि मग," ते म्हणाले, "पानाच्या शेवटापर्यंत झेनच आहे."