युरोप, व्हाया होप फार्म

आमच्या पिढीतल्या निवृत्त माणसाने युरोप पाहिलेला असावा, असा आता दंडकच झाला आहे. गुडघे अजून ऐकतायत आणि पेन्शन वेळेवर येतंय, एवढ्या भांडवलावर लोक पॅरिस-रोम उरकून येतात. परतल्यावर वर्षभर पुरतील असे दोन विषय त्यांना मिळतात : म्युझियममध्ये किती चाललो आणि रेस्टॉरंटमध्ये किती गेले. आमच्या व्याह्यांनी लूव्हरमधून मोनालिसाचा फोटो पाठवला. त्यात मोबाइल उगारलेले अगणित हात होते. हातांच्या पलीकडे कुठेतरी मोनालिसा असल्याचं त्यांनी खाली लिहिलं होतं, म्हणून कळलं. मूळ चित्रच ७७ बाय ५३ सेंटिमीटरचं. ते तरी किती हातांना पुरणार?

"बाबा, तुम्हीही जाऊन या," मुलगा म्हणाला. शेंगेन व्हिसाला किमान ३० हजार युरोंचा वैद्यकीय विमा लागतो, बँकेची स्टेटमेंटं लागतात, आणि आपण नक्की परत येणार हे साहेबाला पटवून द्यावं लागतं. "कैरीचं लोणचं घातलंय, ते मुरायच्या आत येतो म्हणावं. चालेल का?" हिने विचारलं. मुलगा लॅपटॉपमध्ये बघत राहिला. व्हिसासाठी जवळची तारीख नव्हतीच.

तेव्हा मी जाहीर केलं की युरोपला जायची गरज नाही, आपण राहतोच मुळी तिथे. आम्ही राहतो त्या बंगळुरातल्या व्हाइटफील्डचा जन्म १८८२चा. म्हैसूरचे महाराज चामराजेंद्र वाडियार यांनी युरेशियन आणि अँग्लो-इंडियन मंडळींच्या संघटनेला शेतीवस्तीसाठी ३,९०० एकर जमीन दिली. संघटनेचे पुढारी डी. एस. व्हाइट, त्यांच्या नावाने हे गाव. नांगरापेक्षा आरामखुर्ची इथे जास्त रुजली आणि गाव ओळखलं गेलं ते निवृत्तांचं म्हणून. म्हणजे म्हाताऱ्यांना व्हाइटफील्डला आणून ठेवण्याची पद्धत आमच्या मुलाने सुरू केलेली नाही.

पहिलं स्थळ, इनर सर्कल. जुन्या वस्तीची आखणी गोल : मध्ये मोकळी जागा, भोवती बागांमधले कौलारू बंगले. बंगले आता मोजके उरलेत. याच वस्तीत वेव्हर्ली इन नावाची खाणावळवजा सराई होती. तरुण विन्स्टन चर्चिल तिच्या मालकाच्या मुलीसाठी इथे खेपा घालायचा, अशी दंतकथा आहे. तो १८९६मध्ये पलटणीबरोबर बंगळुरात आला, हे मात्र खरं. आणि त्याहून खरं हे की बंगलोर क्लबच्या १८९९च्या दप्तरात, वसूल न होणाऱ्या रकमांच्या यादीत, त्याच्या नावावर तेरा रुपये आहेत. क्लबाने ते पान अभिमानाने जपलं आहे.

"तेरा रुपये बुडवले, आणि ते जपून ठेवलेत?" ही म्हणाली. "आपल्या वाण्याकडे तर अख्खं म्युझियम निघेल."

दुसरं स्थळ, १८८६चं मेमोरियल चर्च. लहानसं, टुमदार. भाजी आणायला जाताना आम्ही त्याच्यावरून इतक्यांदा गेलो होतो की ते दिसेनासं झालं होतं. हेच चर्च स्कॉटलंडात असतं तर गाइडने तिथे वीस मिनिटं दिली असती, त्यातली पंधरा स्वच्छतागृह शोधण्यात गेली असती आणि उरलेल्या पाचात आम्ही भारावलो असतो.

पुढे होप फार्मचा चौक. फार्म गेलं, होप लाल दिव्याचा हिरवा होईपर्यंत पुरते. २०२३ साली मेट्रो आल्यापासून तीही वरून जाते.

युरोप म्हटलं की म्युझियम हवंच, म्हणून जुन्या विमानतळ रस्त्यावरच्या एचएएलच्या विमान संग्रहालयात गेलो. इथलं 'मारुत' लढाऊ विमान भारतात बनलेलं, १९६१मध्ये पहिल्यांदा उडालेलं. पण त्याचा मुख्य रचनाकार कुर्ट टँक हा जर्मन, महायुद्धात जर्मनीसाठी विमानं घडवलेला. युरोपचा संबंध सिद्ध झाल्यामुळे मी प्रत्येक पाटी मोठ्याने वाचू लागलो. ही एका बाकावर जाऊन बसली. "ते उडायचं विमान असून थांबलंय," म्हणाली, "मी कशाला फिरू?" म्युझियम पाहण्याची याहून प्रामाणिक रीत मला लूव्हरच्या फोटोंतही दिसली नव्हती.

मग रेस्टॉरंट. आयटीवाल्यांच्या कृपेने व्हाइटफील्डात इटली, ग्रीस, स्पेन सगळे पाच मिनिटांच्या अंतरावर आहेत; वाहतुकीमुळे तास लागतो, एवढंच. एका इटालियन ठिकाणी आम्ही 'पोलेंटा' मागवला. प्रशस्त थाळीत मधोमध थोडासा मक्याचा सांजा आला. वरून फोडणी मात्र घालायची राहून गेली होती. विंडमिल्स क्राफ्टवर्क्समध्ये तर भिंतभर पुस्तकं, रंगमंचावर जॅझ आणि हातात तिथेच बनवलेली बिअर. पुण्यात वाचनालयात मोठ्याने पान उलटलं तरी ग्रंथपाल चष्म्यावरून बघतात. इथे ड्रमवाल्यालाही कुणी 'शू' म्हणेना.

पण अस्सल युरोप सापडला तो कोपऱ्यावरच्या दर्शिनीत, म्हणजे उभ्याने खायच्या उपाहारगृहात. व्याह्यांनीच सांगितलं होतं की रोमच्या कॉफीबारमध्ये बऱ्याच ठिकाणी आधी गल्ल्यावर पैसे द्यायचे, पावती काउंटरवर दाखवायची आणि उभ्याने कॉफी पिऊन चालू लागायचं. बसलात तर दर वाढतो. आमच्या दर्शिनीत ऐंशीच्या दशकापासून हेच चाललंय. आधी कूपन, मग काउंटर, मग उभं टेबल. इथे उभ्याने इडली-वडाही मिळतो, म्हणजे रोमच्या एक पाऊल पुढेच.

युरोपाहून परतलेले व्याही महिन्याभराने आमच्याकडे आले. मी उत्साहाने त्यांना गाडीत घातलं आणि हाच दौरा सुरू केला. इनर सर्कलला त्यांचा डोळा लागलेला होता. व्याही पडले, उठवणार कोण? चर्चपाशी गाडी थांबवली तेव्हा ते जागे झाले.

"व्याहीबुवा, १८८६चं आहे."

"अरे वा! तिकीट किती?"

"तिकीट नाही. असंच बघायचं."

"असं होय," म्हणून त्यांनी काचेतूनच मान हलवली आणि डोळे पुन्हा मिटले.

मी हताशपणे हिच्याकडे बघितलं. ही मागच्या सीटवरून, विहीणबाईंना ऐकू जाणार नाही अशा बेताने म्हणाली, "अहो, तिकीट लावा. तेरा रुपये."