गोड्या पाण्यातला जावई

खाऱ्या पाण्यातला मासा खाणाऱ्याला गोड्या पाण्यातल्या माशाबद्दल मत विचारू नये. तो आधी नाक मुरडतो, मग मत देतो. मी मालवणकडचा, राहायला पुण्यात आणि सासुरवाडी इंदापूरकडची, त्यामुळे लग्न झाल्यापासून माझं नाक सरळ असं झालेलंच नाही.

म्हणून उजनी धरणातल्या मरळीच्या तुकडीत मुगाच्या डाळीएवढी पिवळी गाठ दिसली आणि सुरीच्या टोकाने फोडताच आतलं काहीतरी वळवळलं, तेव्हा मला किळस कमी आणि आनंदच जास्त झाला. ‘अळी!’ मी जाहीर केलं. ‘आमच्या समुद्रात असलं चालत नाही.’

आमचा समुद्र म्हणजे काय, हे जरा सांगायलाच हवं. तिथे प्रत्येक माशाची पायरी ठरलेली. पापलेट म्हणजे माशांतलं इनामदार घराणं, ते पाहुण्यांसाठी. सुरमई पैसेवाली, पण तिला काटे कमी, म्हणून ती शहरवासीयांना आणि लहान मुलांना. बांगडा घरचा माणूस. तारली दारं लावून खायची आणि बाहेर ‘आज काही विशेष नाही’ असं सांगायचं. कर्ली ही तर परीक्षाच: तिचे काटे जिभेच्या टोकाने बाजूला काढत, न ठसकता, राजकारणावर बोलू शकतो तो खानदानी. आणि माशाचा कल्ला उचलून पाहणं! आत लाल असावं यापलीकडे त्यातलं मला काही कळत नाही. पण कल्ला उचलायचा, भुवई उचलायची, ‘हं’ म्हणायचं आणि पुढच्या पाटीकडे जायचं, यात जो रुबाब आहे तो मला नोकरीत कधी मिळाला नाही. या सगळ्या उतरंडीत रोहू, कटला, चिलापी यांना पायरीच नाही. ते अंगणात उभे.

बांगड्याच्या पोटात वेटोळी घालून बसलेले बारीक पांढरे जंत मी लहानपणी पाहिलेले आहेत. आई ते आतड्यासकट मांजरापुढे टाकायची आणि त्यावर घरात कधी चर्चा झाली नाही. घरच्या माणसाच्या गोष्टी बाहेर बोलायच्या नसतात.

सासऱ्यांनी माझी अळी पाहिली. ‘आवो पाव्हणं,’ ते म्हणाले, ‘उकळल्याव कोण ऱ्हातंय जित्तं?’

मी पुस्तकं उघडली, ती त्यांना खोटं पाडण्यासाठी. पुस्तकंही इंदापूरची निघाली. मासा आतपर्यंत ६३ अंशांना पोहोचला की असले परजीवी मरतात, आणि सासूबाईंचा रस्सा तर खळखळून उकळत असतो. त्या पिवळ्या अळीचं नाव क्लिनोस्टोमम. ती आधी गोगलगाईत वाढते, मग माशात शिरते, आणि मासा बगळ्याने गिळला की बगळ्याच्या घशात संसार थाटते. म्हणजे उजनीकाठच्या भिगवणला आम्ही पुणेकर ज्यांचे फोटो काढायला पहाटे धावतो, त्यांच्याच तोंडातून ही वरात निघते. शिजवलेल्या माशातून ती माणसाला काही करत नाही.

भानगड कच्च्याची. थायलंडच्या ईसान भागात नदीतले कच्चे मासे लिंबू पिळून खातात. त्यातून यकृतात जाणारा चपटा जंत कर्करोगाला कारण ठरतो, हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने मान्य केलेलं आहे. लिंबाने माशाचा मातकट वास जातो, जंत जात नाही. मिठाच्या चिमटीनेही नाही. उणे २० अंशांत आठवडाभर गोठवला तर मरतो, पण आपल्या फ्रिजच्या बर्फाच्या कप्प्यावर तेवढा भरवसा ठेवू नये. एवढं वाचून झाल्यावर आठवलं, पुण्यातल्या एका हॉटेलात माझ्या भाच्याने मला कच्च्या माशाची सुशी खिलवली होती आणि ती मी डोळे मिटून, जाणकारासारखी मान हलवत खाल्ली होती. तिथे कल्ला उचलायलासुद्धा मागितला नाही.

सासऱ्यांची जमीन उजनीच्या पाण्याखाली आहे. उन्हाळ्यात पाणी फार उतरलं की पळसदेवचं देऊळ वर येतं. त्यांचं शेत तेवढंही वर येत नाही. ‘धरणानं आमची जमीन खाल्ली, आमी धरणाचं मासं खातो,’ असं ते म्हणतात आणि हसतात. मी हसत नाही, कारण त्या पाण्यात माझाही वाटा आहे. माझ्या न्हाणीघरातलं पाणी मुठेला, मग मुळा-मुठेला, मग भीमेला मिळतं आणि उजनीत जाऊन साठतं. पुणे आणि पिंपरी-चिंचवडचं सांडपाणी, कारखान्यांचं पाणी, सगळं त्याच वाटेने. अळी रश्श्यात मरते. जड धातू उकळून मरत नाहीत, आणि ते नखाने काढून टाकताही येत नाहीत. इतकी वर्षं मी त्यांच्या ताटातल्या माशाला नाक मुरडलं. माझ्या मोरीबद्दल त्यांनी एक शब्द काढला नाही. जावई ना मी.

तर मरळ खावी का? खावी. पोट बाजारातच साफ करून घ्यावं, तुकडी उजेडात धरून पाहावी, गाठ दिसली तर काढून टाकावी. गाठीच गाठी असतील तर तो मासा घेऊच नये. जाड तुकडी तव्यावर बाहेरून खरपूस आणि आतून कच्ची राहते, तिला वेळ द्यावा. कच्ची मात्र मुळीच खाऊ नये, मग ती कितीही महागड्या बशीत येवो.