आहार आधी, चेहरा नंतर

अंगणवाडी सेविकेला वस्तीतली प्रत्येक गरोदर बाई ठाऊक असते. कुणाला कितवा महिना, कुणाच्या अंगात रक्त कमी, कोण बाळंतपणाला माहेरी जाणार, हे ती वही न उघडता सांगते. पण १ जुलै २०२५ पासून घरपोच आहाराचं, म्हणजे टीएचआरचं पाकीट देण्यासाठी तिची ओळख पुरत नाही. समोरची बाई तीच आहे की नाही, हे आता पोषण ट्रॅकर या सरकारी ॲपमधली कृत्रिम बुद्धिमत्ता चेहरा जुळवून ठरवते.

हे जुळवणं कसं चालतं, ते एकदा अंगणवाडीच्या दारात उभं राहून बघा. आधी आधारची ई-केवायसी. त्याचा ओटीपी आधारला जोडलेल्या नंबरवर जातो आणि तो नंबर बहुतेक वेळा नवऱ्याचा. नवरा ऊसतोडीला, नाहीतर गुजरातेत बांधकामावर. सेविका फोन लावते, तो उचलत नाही. उचललाच तर ओटीपी सांगायला कचरतो. कुणालाही सांगू नका, असं बँकेनंच त्याला बजावलेलं असतं. तोवर मुदत संपते. ओटीपी मिळालाच तर फोटो. उजेडात ये, पदर मागे घे, हलू नकोस. आधारवरचा फोटो लग्नाआधीचा, समोर आठव्या महिन्यातला सुजलेला चेहरा. आणि धडगाव-मेळघाटच्या पाड्यांवर हे सगळं रेंज असेल तर!

खोटी नावं लावून आहार लाटला जातो, हे खरं आहे आणि ते थांबलंच पाहिजे. पण महाराष्ट्रात याच आहाराच्या पुरवठ्याचं ६,३०० कोटींचं कंत्राट सर्वोच्च न्यायालयाला २०१९ मध्ये रद्द करावं लागलं होतं. बचत गटांना मिळायचं काम मोठ्या पुरवठादारांच्या सोयीच्या अटी घालून दिलं गेलं होतं. ते कुठल्या गरोदर बाईनं केलं नव्हतं. तरी कॅमेरा रोखला तो तिच्यावर. पाकिटात काय भरलं, किती भरलं, गाडी कधी पोहोचली, यावर एवढा कडक पहारा का नाही?

सेविकांना आधी विचारलं असतं तरी अर्धा घोळ टळला असता. याच ट्रॅकरमधलं इंग्रजी आणि सरकारी मोबाईलचा सुमार दर्जा, यांना वैतागून राज्यातल्या सेविकांनी ऑगस्ट २०२१ मध्ये ते मोबाईल सरकारला परत केले होते. एवढं होऊनही पुढची सक्ती त्यांच्याच माथी मारली. रिकाम्या हाती परतणाऱ्या बाईची बोलणी खातात त्या, मंत्रालय नव्हे.

हा आहार म्हणजे कुणाची मेहेरबानी नाही. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यानं दिलेला तो हक्क आहे. आधार नाही म्हणून एकाही मुलाचा लाभ अडवू नका, हे सर्वोच्च न्यायालयानं २०१८ मध्येच सांगितलंय. मग चेहरा जुळला नाही म्हणून कसा अडवता?

महिला व बालविकास विभागानं दोन ओळींचा लेखी आदेश काढावा: चेहरा जुळो न जुळो, सेविकेच्या सहीवर पाकीट त्याच दिवशी द्यायचं. आणि यंत्रानं किती जणींना नाकारलं, तो आकडा दर महिन्याला तालुकावार जाहीर करायचा.