मुदत माणसाला, माफी सर्व्हरला

तलाठी आता तलाठी राहिलेला नाही, तो ग्राम महसूल अधिकारी झालाय. नाव मोठं झालं. पीक पाहणीचं काम मात्र शेतकऱ्याकडे आलं, पगार सोडून.

15 ऑगस्ट 2021 ला राज्यभर ई-पीक पाहणी सुरू झाली. शेतकऱ्यानं स्वतःच्या रानात, स्वतःच्या मोबाइलवर, स्वतःच्या रिचार्जनं पिकाचा फोटो काढायचा आणि सरकारच्या नोंदवहीत स्वतःच चढवायचा. आता जुनं सगळं सोनं होतं असा गळा काढणाऱ्यांतला मी नाही. चावडीत बसून मागल्या सालची तूर यंदाच्या बाराव्या नमुन्यात तशीच पुढं ढकलणारे महाभाग आपण पाहिलेत. रान उसाचं, सातबारा उडदाचा. सातबाऱ्यासाठी हेलपाटे मारायचे दिवसही आठवतात. 2018 च्या महाराष्ट्र दिनापासून डिजिटल सहीचा उतारा मिळू लागला आणि 15 रुपयांत काम व्हायला लागलं, हे नाकबूल करायचं कारण नाही. संगणकाशी भांडण नाही. भांडण एवढंच आहे, की कारकुनाची कामं आपल्या गळ्यात घातली, मग कारकुनाच्या सवलती कुणी उचलल्या? रजा, दुपारचं जेवण, ‘उद्या या’, हे सगळं सर्व्हरला मिळालं.

आमच्या मुरुम गावात हा कारभार कसा चालतो ते बघा. जमीन बापाच्या नावावर. नोंदवलेला नंबर पोराचा, कारण घरात आलेला पहिला मोबाइल त्यानं घेतलेला. पोरगा पुण्यात. बाप सोयाबीनमध्ये फोन वर धरून उभा आणि ओटीपी हिंजवडीत. पोरगा मीटिंगमध्ये, कुठल्या तरी अमेरिकन बँकेचं अ‍ॅप क्षणभरही बंद पडू नये म्हणून जागणारा. मीटिंग संपून ओटीपी परत येईस्तोवर तो मरून गेलेला. माहिती तंत्रज्ञानाचा विकास झाला नाही असं कोण म्हणेल? आमच्याच घरातनं झाला. फक्त आमच्या बांधापर्यंत पोचायचा राहिला.

त्यात आम्ही कर्नाटकच्या सीमेवरचे. घरात कन्नड, बाजारात मराठी, फोनमध्ये इंग्रजी. मल्लिकार्जुन, शरणप्पा, वीरण्णा ही इथली नावं. आजोबांनी मास्तरांना सांगितली, मास्तरांनी ऐकली तशी लिहिली, बँकेनं इंग्रजीत वळवली, आधारवाल्यानं घाईत टाइप केली. एका कागदावर ‘एल’ दोन, दुसऱ्यावर एक. गावाला माणूस एकच आहे हे ठाऊक आहे, सोसायटीच्या सेक्रेटरीला ठाऊक आहे, त्याच्या म्हशीलाही ठाऊक असेल. संगणकाला मात्र तो दोन वेगळे इसम वाटतो आणि त्यातल्या एकालाही योजनेचे पैसे द्यायचे नाहीत एवढंच त्याचं ठरलेलं असतं. आता जिल्ह्याचंच नाव उस्मानाबादचं धाराशिव झालं. जिल्ह्याला नाव बदलता येतं, शरणप्पाला आपला एक ‘पी’ दुरुस्त करायला दिवसाची मजुरी मोडावी लागते.

हे झाले किरकोळ चिमटे. खरा मार 2020 मध्ये बसला.

त्या वर्षी ऑक्टोबरात पावसानं जिल्हा धुऊन काढला. काढलेलं सोयाबीन पाण्यात, उभं सोयाबीन पाण्यात. महसूलचे पंचनामे झाले. नेते बांधावर येऊन चिखल तुडवून गेले, सगळ्या महाराष्ट्रानं ते टीव्हीवर पाहिलं. एकट्या विमा कंपनीलाच काही कळलं नाही. कंपनीचं म्हणणं असं, की नुकसान झाल्यापासून 72 तासांत प्रत्येक शेतकऱ्यानं वैयक्तिक कळवायला हवं होतं. ज्यांनी कळवलं नाही त्यांना भरपाई नाही. कळवायचं कसं, तर अ‍ॅपवर, फोनवर नाहीतर लेखी. वीज गेलेली, ओढ्याला पूर, करोनाचे दिवस. आणि ज्याच्या शेतात गुडघाभर पाणी आहे त्यानं आधी जनावरं सोडवायची की ‘नुकसानीचा प्रकार निवडा’ या चौकटीवर बोट ठेवायचं?

प्रकरण कोर्टात गेलं. मे 2022 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठानं शेतकऱ्यांच्या बाजूनं निकाल दिला: जिल्ह्यातल्या 3 लाख 57 हजारांवर शेतकऱ्यांना सहा आठवड्यांत भरपाई द्या. कंपनी सर्वोच्च न्यायालयात गेली, तिथंही त्याच वर्षी 200 कोटी रुपये भरायचा आदेश झाला. म्हणजे पाऊस पडला होता हे सिद्ध करायला धाराशिव जिल्ह्याला दिल्लीपर्यंत जावं लागलं. शेतकऱ्याला 72 तास, न्यायाला दोन वर्षं. अ‍ॅप मात्र निर्दोष सुटलं. त्याला कुणी आरोपीच केलं नव्हतं.

यातनं सरकार शिकलं नाही असं म्हणू नका. शिकलं. 2025 च्या खरिपापासून राज्यानं पीक विम्यातनं स्थानिक आपत्ती आणि काढणीनंतरचं नुकसान ही कलमंच वगळली. आता भरपाई फक्त पीक कापणी प्रयोगातल्या उत्पन्नावर. ‘72 तासांत कळवलं नाही’ ही तक्रार मुळापासून मिटली. कळवायलाच नको! आणि नेमक्या त्याच वर्षी सप्टेंबरात मराठवाडा पुन्हा पाण्याखाली गेला. डोकेदुखीवर डोकंच उडवायचा हा जालीम उपाय.

थांबा, 72 तास परत येतायत. केंद्रानं 2026 च्या खरिपापासून वन्यप्राण्यांनी केलेलं नुकसान विम्यात घ्यायचं ठरवलंय. चांगलंच आहे, रानडुकरांनी आमचा जीव नकोसा केलाय. अट तीच: 72 तासांत अ‍ॅपवर कळवा, जागेच्या खुणेसह फोटो टाका. डुकरं रात्री येतात, नेटवर्क पहाटे येतं, एवढं जुळवून घ्यायला आम्ही आता तयार झालोय.

कुणी म्हणेल, खेडूत माणसाला तंत्र जमतच नाही. हा आरोप साफ खोटा. 1998 मध्ये कोल्हापूर-सांगलीकडं वारणा परिसरातल्या 70 गावांत ‘वायर्ड व्हिलेज’ झालं, गावोगावी संगणक बसले. शेतकरी इंटरनेटवर जगाचं ज्ञान घेतील, असं योजना आखणाऱ्यांचं स्वप्न होतं. शेतकरी विचारायचा तेवढंच: माझा ऊस किती भरला? पुढं संशोधकांनी काही गावांत संगणक बाजूला सारून तीच माहिती साध्या मोबाइलच्या एसएमएसवर देऊन पाहिली आणि शेतकऱ्यांनी ती आनंदानं घेतली. मुरुमलाही विठ्ठलसाई साखर कारखाना आहे, त्यामुळं ही गोष्ट इथं समजावून सांगावी लागणार नाही. उसाचं वजन सांगणारा एसएमएस आजीलाही वाचता येतो. आजीला नको आहे ते सतरा चौकटी भरून शेवटी ‘काहीतरी चुकले, पुन्हा प्रयत्न करा’ म्हणणारं यंत्र. चुकलं कुणाचं, ते कधीच सांगत नाही.

आता कायद्याची एक गंमत सांगतो. महाराष्ट्रात 2015 पासून लोकसेवा हक्क कायदा आहे. अर्ज दिला की पोच आणि क्रमांक. ठरल्या मुदतीत सेवा, नाहीतर नकाराचं कारण लेखी. कारण नसताना उशीर केला तर अधिकाऱ्याला 500 ते 5000 रुपये दंड. वाचायला गोड आहे. पण अर्ज जायचा ऑनलाइन. सर्व्हर बंद, म्हणजे अर्ज गेलाच नाही. अर्ज नाही म्हणून क्रमांक नाही, क्रमांक नाही म्हणून मुदत सुरू होत नाही, मुदत नाही म्हणून उशीर नाही. कागदोपत्री पाहाल तर मुरुममध्ये आजवर कुणाचाच एक दिवससुद्धा वाया गेलेला नाही. सर्व्हर सुरू व्हायची वाट बघत सेवा केंद्राच्या पायरीवर डबा सोडून बसलेली बाई नोंदीतच नाही.

जुना कारकून टेबलाच्या पलीकडं तरी असायचा. त्याच्यावर ओरडता यायचं, साहेबाकडं तक्रार करता यायची, त्याच्या मेव्हण्याची ओळख काढता यायची. सर्व्हरला मेव्हणा नाही. केंद्र चालवणारा पोरगा आपल्याच गल्लीतला, तोही हात जोडून म्हणतो, ‘काका, वरनंच बंद आहे की.’ वर म्हणजे कुठं, हे त्यालाही माहीत नाही.

म्हणून मागणी साधी आहे. ज्या योजनेला शेवटची तारीख आहे, त्या योजनेचा सर्व्हर जितके तास बंद, तितके तास मुदत आपोआप वाढवा. तो कधी बंद होता हे संगणकाकडं मिनिटामिनिटाला लिहिलेलं असतं, फोटो काढून पाठवायचीही गरज नाही. आणि बंद असेल त्या दिवशी कागदावर अर्ज घेऊन पोच द्या.

ते होईल तेव्हा होईल. तोवर तुम्ही एक करा. ‘सर्व्हर डाऊन’ ऐकलं की घरी वळू नका. कोऱ्या कागदावर अर्ज लिहा, काय काम होतं, कुठल्या तारखेला किती वाजता आलो आणि काय उत्तर मिळालं ते त्यात घाला, तहसील कार्यालयाच्या आवकमध्ये द्या आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का मारून घ्या. शिक्का अजून ऑफलाइन चालतो.