तोलारखिंडीत बुटानं आ वासला

आमच्या घरात चांगली वस्तू वापरायची नसते, ठेवायची असते. लग्नात आलेला डिनर सेट आजवर एकदाच बाहेर आला, तोही फरशी बदलताना कपाट हलवावं लागलं म्हणून. याच संस्कारानुसार मी पाच वर्षांपूर्वी ट्रेकिंगचे बूट घेतले, एकदा सिंहगडावर नेले, ओल्या फडक्यानं पुसले, आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबले, बूट मूळ खोक्यात, खोकं प्लॅस्टिकच्या पिशवीत आणि पिशवी माळ्यावर ठेवली. हिमालयासाठी राखून ठेवले होते. हिमालय काही निघाला नाही. सप्टेंबरअखेरच्या एका शनिवारी हरिश्चंद्रगड निघाला.

आम्ही एकूण चौदा जण. त्यांत केस पिकलेला मी एकटा. लीडर अठ्ठावीस वर्षांचा, मला 'काका' म्हणणारा आणि दर दहा मिनिटांनी "काका, ओके ना?" असं विचारणारा. रात्री पुण्याहून आळेफाटा, तिथून कल्याणकडे जाणारी एसटी, आणि उजाडायच्या आत खुबी फाटा. फाट्यावर उतरलं की पिंपळगाव जोगा धरणाच्या भिंतीवरून खिरेश्वरपर्यंत चालायचं. धुकं असं होतं की धरण आहे हे केवळ विश्वासावर मानायचं. मात्र माझ्या बुटांकडे सगळ्यांचं लक्ष होतं.

"काका, नवीन घेतले?"

"छे, जुने आहेत. पाच वर्षं झाली."

"वाटत नाहीत हो!"

हे वाक्य मी खिरेश्वरपर्यंत चार वेळा मिळवलं. धरणाच्या भिंतीवरच डाव्या बुटातून 'चुळूक' असा आवाज येऊ लागला होता, पण तो मी शेजारच्याच्या पोटात ढकलला. सकाळी सकाळी पोहे-चहाआधी माणसाच्या पोटातून काहीही आवाज येऊ शकतात.

तोलारखिंडीत वाघाचं दगडी शिल्प आहे. गडावर जाणारा प्रत्येक जण तिथे टेकतो, पाणी पितो, फोटो काढतो. मीही वाघाशेजारी पाऊल टाकून ऐटीत उभा राहिलो. फोटो काढणारी मुलगी म्हणाली, "काका, बूट!" मला वाटलं, हीही कौतुक करतेय. खाली पाहिलं तर डाव्या बुटानं पुढून आ वासला होता. वरचा जबडा चामड्याचा, खालचा रबराचा, मधून माझा मोजा जिभेसारखा बाहेर. शेजारचा वाघ त्यापुढे मनीमाऊ वाटत होता.

लीडरच्या सॅकमध्ये सर्व संकटांवर उपाय असतो. त्यानं चुटकीसरशी चिकटवणाऱ्या गोंदाची ट्यूब काढली. आता हा गोंद फार गुणी. फुटलेल्या कपाचा कान त्यानं चिकटवा, जन्मभर टिकेल. कपाचा कान वाकत नाही ना! बुटाचा पुढचा भाग मात्र पावलागणिक वाकतो आणि हा गोंद वाळला की काच होतो. शिवाय याला घट्ट व्हायला ओलावाच लागतो, आणि सप्टेंबरातल्या सह्याद्रीत ओलाव्याला काय तोटा! तो आम्हाला सोल दाबायलाही उसंत न देता घट्ट झाला. त्यात लीडरची दोन बोटं बुटाला चिकटली. पाच मिनिटं खिंडीत माझा पाय लीडरच्या हातात होता. खालून आलेल्या मुंबईच्या एका ग्रुपला वाटलं, गुरुपूजन चाललंय. त्यांतल्या एकानं लांबूनच हात जोडले.

बोटं सुटली, सोल चिकटला, मी पाऊल टाकलं आणि 'टक्' असा आवाज आला. काच फुटली. मग आले पारंपरिक उपाय. सोलाखालून घेऊन बुटावरून नायलॉनच्या दोरीचे तीन वेढे, वर इलेक्ट्रिकची काळी चिकटपट्टी. खिंडीनंतर लगेच कातळाचा चढ लागतो, लोखंडी कठडे लावलेला. दोरीच्या गाठीवर पाय देऊन कातळ चढणं म्हणजे सुपारीवर उभं राहून नमस्कार करणं. माझ्या एका हातात कठडा होता आणि दुसऱ्या हातात, कोण जाणे का, बूट घेतल्याची पावती घरी कुठे ठेवलीय याचा विचार.

कडा संपला की पठारावरच्या टेकड्या सुरू होतात. सात आहेत असं म्हणतात. मी तिसरीपर्यंत मोजल्या. कारण तिसरीवर उजवा बूट गेला. डाव्याचा सोल निदान पुढून उघडला होता, उजव्याचा सबंध सुटला आणि मागे चिखलात राहिला. जुळी भावंडं. एकाच दिवशी जन्मलेली, एकाच माळ्यावर वाढलेली. सोल उचलून पाहतो तो रबर ठणठणीत, वरचं चामडं ठणठणीत. मधला फोमचा थर मात्र शिळ्या केकसारखा भुगा होऊन गळत होता. मागे वळून पाहिलं तर सोनकीच्या पिवळ्या फुलांमधून काळ्या चुऱ्याची एक रेघ थेट टेकडीपर्यंत गेलेली.

"बरंय काका," लीडर म्हणाला, "मागचे वाट चुकणार नाहीत."

हरिश्चंद्रेश्वराच्या देवळापाशी मी दुपारी पोचलो तेव्हा दोन्ही पायांत दोन गाठोडी होती. पाचनईहून वर येऊन झुणका-भाकरी करणाऱ्या मावशींच्या झोपडीत बसलो. त्यांच्या मालकांनी माझे पाय निरखून पाहिले.

"दादा, बूट तर नवं दिसतंय."

"नवंच आहे मामा."

"मंग घालीत नव्हता व्हय?"

मी गप्प. मामा भाकरीचा तुकडा मोडत म्हणाले, "गाडी दारात उभी ठिवली की चाक आधी जातं." मामांच्या पायात प्लॅस्टिकचे सँडल होते, रोज पाचनईहून गड चढून-उतरून झिजलेले आणि शाबूत.

केदारेश्वराच्या गुहेतल्या कमरेएवढ्या गार पाण्यात मात्र त्या दिवशी मी सगळ्यांच्या आधी उतरलो. बूट काढायला वेळच लागला नाही. चार खांबांपैकी उभा असलेला एकुलता एक खांब मी अंमळ जवळीकीनं न्याहाळला. उतरताना मामांच्या मुलाचे सँडल घातले. दोन नंबर लहान होते. पाचनईची वाट सोपी, दोन-अडीच तासांची असं सगळे सांगतात, ते आपापल्या मापाच्या पादत्राणांत सांगतात.

पुण्यात आमच्या कोपऱ्यावर फूटपाथवर चप्पल-बूट दुरुस्त करणारे काका बसतात. त्यांनी बूट हातात घेतला, मधल्या थरावर अंगठा दाबला. अंगठा पेरापर्यंत आत गेला.

"हे नाही होणार."

"अहो, पण सोल चांगलाय, चामडं चांगलंय."

"साहेब, सोल्युशन दोन वस्तूंना धरतं. भुशाला काय धरणार? आज चिकटवला तर उद्या सोल्युशनसकट भुसा निघेल."

पुढे जरा वाचलं, तेव्हा मामा आणि हे काका दोघंही रसायनशास्त्रात पास निघाले. बऱ्याच ट्रेकिंगच्या बुटांत मधला थर पॉलियुरेथेनच्या फोमचा असतो. हलका, मऊ, गुडघ्यांना सुखाचा. पण हवेतली वाफ त्यात हळूहळू मुरते आणि त्याच्या साखळ्या तोडत जाते. ऊब आणि दमटपणा मिळाला की काम भराभर होतं. बूट वापरात असला तर दाबला जातो, हवा खेळते, ओल मुरून बसत नाही, आणि तो जरा जास्त टिकतो. प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून, पत्र्याखालच्या माळ्यावर, चार पावसाळे ठेवला की मरतो. थोडक्यात, बुटाला मारण्यासाठी जे जे करायला हवं ते सगळं मी अत्यंत काळजीपूर्वक केलं होतं.

मग बाल्कनीतल्या कोपऱ्यातले माझे बारा वर्षांचे बूट आठवले. पावसात स्कूटर धुताना, कुंड्यांना माती घालताना, गणपतीच्या मांडवाचे बांबू उचलताना घालायचे. त्यांचा सोल सबंध रबराचा, फक्त पुढून दोन बोटं उघडलेला, आणि बाजूला एक चीर. काकांनी अंगठा दाबला. अंगठाच परत आला. "हे होईल. साठ रुपये." त्यांनी पद्धतही सांगितली: जुनं सोल्युशन रापीनं खरवडायचं, कानसून खरखरीत करायचं, दोन्हीकडे पातळ हात फिरवायचा, बोटाला चिकटेनासं होईपर्यंत वाट बघायची आणि मग ठोकायचं. "लोक ओलं असतानाच चिकटवतात, तिथंच फसतात."

मी साठ रुपये द्यायला हवे होते. पण त्याच आठवड्यात भाचा अमेरिकेहून येत होता. मी त्याला फोनवर सांगितलं, बुटासाठी वाळल्यावरही रबरासारखा वाकणारा, पाण्यात न सुटणारा गोंद आण. त्यानं आणला. 1972 साली कॅलिफोर्नियात टेनिसच्या बुटांच्या दुरुस्तीसाठी निघालेला, जगभर नावाजलेला. भाच्यानं चारचौघांत, सगळे जेवायला बसलेले असताना, ट्यूब माझ्या हातात ठेवली आणि नाव मोठ्यानं वाचलं: "शू गू."

पानावर शांतता पसरली. ज्यांनी हे नाव ठेवलं त्यांना एकही मराठी माणूस भेटला नसावा. आमच्या सासूबाईंनी श्रीखंडाची वाटी बाजूला सारली. नातू इतका हसला की त्याला उचकी लागली आणि पुढचे तीन दिवस तो दारावर येणाऱ्या प्रत्येकाला आजोबांकडे अमेरिकेहून काय आलंय ते सांगत होता. भाच्यानं सोबत आणखी एक ट्यूब आणली होती, युरेथेनची, तंबूच्या शिवणीसाठी आणि रेनकोटच्या भोकांसाठी. ती एकदा उघडली की हवेतल्या ओलाव्यानं आतल्या आत घट्ट होते, म्हणून फ्रीझरमध्ये ठेवायची. मी दोन्ही ठेवल्या. तासाभरात बायको स्वयंपाकघरातून बाहेर आली.

"अहो, खव्याच्या डब्यावर काय ठेवलंय?"

"शू—"

"नाव घेऊ नका!"

शेवटी ट्यूब वर्तमानपत्रात गुंडाळायच्या अटीवर तह झाला.

दुरुस्ती मी शास्त्रोक्त केली. बूट धुऊन दोन दिवस वाळवले. आतली वाळू जुन्या टूथब्रशनं काढली. पॉलिशपेपरनं घासलं, स्पिरिटनं पुसलं. गोंद भरला. वास असा की बाल्कनीत बसूनही शेजारच्यांनी गॅस कंपनीला फोन लावायची तयारी केली. हा गोंद मधासारखा सरकतो आणि पसरायचा असेल तर बोट ओलं करावं लागतं, नाहीतर बोट त्याचंच होतं. बर्फाचा खडा फिरवला तर पृष्ठभाग छान गुळगुळीत होतो. बर्फाचा ट्रे मी कुठून घेतला आणि कुठे ठेवला, हे इथे लिहीत नाही. मग सोल दाबून ठेवायला सायकलच्या जुन्या ट्यूबच्या पट्ट्या करकचून गुंडाळल्या. आता चोवीस तास हात लावायचा नाही.

चोवीस तास! साबुदाणा भिजायलाही एवढा वेळ लागत नाही. मी रात्री दोनदा उठून बूट पाहून आलो. तिसऱ्यांदा गेलो तेव्हा ही अंधारातून म्हणाली, "मुलं आजारी होती तेव्हा नाही उठलात कधी." पण दोन दिवसांनी पट्ट्या सोडल्या आणि बूट दुमडून पाहिला, तर सोल आणि गोंद बरोबर वाकले. भेग नाही, आवाज नाही.

इथून माझं बिघडलं. सॅकच्या रेनकव्हरची भोकं, तंबूची शिवण, हिच्या स्वयंपाकघरातल्या चपला, नातवाची वॉटरबॅग, शेजाऱ्यांची बादली. सोसायटीत लोक मला टाळू लागले किंवा फुटक्या वस्तू घेऊन येऊ लागले. मधला प्रकार उरला नाही.

ऑक्टोबरात पुन्हा खुबी फाटा, पुन्हा धरणाची भिंत. या वेळी बुटांचं कुणी कौतुक केलं नाही. काठावर गोंदाची ओघळ होती, पिवळट, वाळलेल्या डिंकासारखी. आवाज मात्र एकही नव्हता. खिरेश्वरात पोहे खाताना एकच त्रास जाणवला: बुटाची नाडी सारखी सुटत होती. खिशात ट्यूब होतीच. मी नाडीची दुहेरी गाठ मारली आणि दोन्ही गाठींवर एकेक थेंब सोडला. लीडर म्हणाला, "काका, हुशार आहात."

वाघापाशी बूट मिटलेलाच. कातळ चढलो. ओढे ओलांडताना मुद्दाम पाण्यातून गेलो. मोजा कोरडा नव्हता, कारण पाणी वरून शिरलं, पण सोल हलला नाही. सातही टेकड्या मोजल्या. सात भरत नाहीत असं माझं मत आहे.

देवळापाशी आलो, बूट काढायला खाली बसलो आणि गाठीला नख लावलं. सकाळी आठला सोडलेला थेंब दुपारी एकपर्यंत रबर झाला होता. गाठ सुटेना. नाडी ताणली, ताणली गेली आणि परत जागेवर आली. मावशींनी विळा आणून दिला, पण नवी नाडी कापायची माझ्या जिवावर आली. मग लीडरनं टाच धरली, मामांनी लीडरला कमरेत धरलं, मी कातळाला धरलं. "जोर लावा!" मामा म्हणाले. आमच्याभोवती पंचवीसएक माणसं जमली. त्यांत कुणीतरी व्हिडिओ काढत होतं.

सोल निघाला नाही. मी निघालो. पाय मोज्यासकट बाहेर आला, लीडर आणि मामा मागे सरकत भाकरीच्या परातीपर्यंत गेले, आणि बूट लीडरच्या छातीशी तसाच, गाठ मारलेला, अखंड. मामांनी तो उलटा केला, अंगठा दाबून पाहिला, आणि पहिल्यांदाच माझ्याकडे जरा आदरानं बघून विचारलं, "काय लावलं म्हणायचं ह्याला?"

मी नाव सांगितलं. मावशी पदर तोंडाला लावून आत गेल्या.

दुसऱ्या बुटाची नाडी मी निमूट विळ्यानं कापली. ट्यूब पुन्हा फ्रीझरमध्ये आहे, वर्तमानपत्रात, खव्याच्या डब्याखाली. तुमच्या माळ्यावर जपून ठेवलेले बूट असतील तर आजच उतरवा आणि मधल्या थरावर अंगठा दाबा. अंगठा परत आला तर ट्यूब न्यायला खुशाल या. आत गेला तर येऊ नका. मामांचे सँडल कुठे मिळतात ते सांगीन.