अण्णांची गाठ

आमच्या शेजारच्या अण्णांचं डोकं साधं कधी दुखतच नाही. तुमचंआमचं दुखतं ते पित्तानं, उन्हानं, फार तर पाहुण्यांनी. अण्णांचं थेट मेंदूतल्या गाठीनं.

नांदेडजवळच्या विष्णुपुरीत घर असल्याचा हा परिणाम. स्वामी रामानंद तीर्थ विद्यापीठ इथंच, अभियांत्रिकी महाविद्यालयही इथंच. पण अण्णांनी विद्या घेतली ती शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या पोरांकडून, चहाच्या टपरीवर. तीही अर्धीच, कारण परीक्षा आली की पोरं टपरीवर येत नाहीत.

"गाठ असली की सकाळी उठल्या उठल्या दुखतं म्हणे. माझं सकाळीच दुखायलंय!"

"रात्री दोनपर्यंत मोबाइल बघत बसायलाव की," काकू आतून म्हणतात.

"मळमळायलंय बी."

"उपाशीपोटी चौथा चहा झालाय."

अण्णा काकूंकडं दुर्लक्ष करतात. त्या टपरीवर जात नाहीत.

शेवटी नांदेडात डॉक्टर लेनमध्ये नेलं. डॉक्टरांनी डोळ्यांत बॅटरी मारून पाहिलं, हातापायांचा जोर पाहिला, एका रेषेत चालवलं. मग समजावलं, की मेंदूला स्वतःला दुखणं कळतच नाही; दुखतात त्याची आवरणं, रक्तवाहिन्या, मानेचे स्नायू. कधी नव्हे इतकं अचानक दुखलं, तापासोबत मान आखडली, फिट आली, जीभ जड झाली, एक बाजू लुळी पडली किंवा पन्नाशीनंतर नव्यानंच दुखणं लागलं, तर मात्र धावत यायचं. "तुमचं किती वर्षांपासून दुखतंय?"

"वीस."

"मग गाठ कशी असेल? इतक्या वर्षांत तिनं काहीतरी करून दाखवलं असतं."

बाहेर येताच अण्णांनी माझा दंड धरला. "वीस वर्षांत केवढी झाली असंल रे!"

हट्टानं एमआरआय झाला. रिपोर्ट नॉर्मल. गावात आनंदाची बातमी सांगावी तर अण्णा दोन दिवस कुणाशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "मशीन जुनी असंल."

या गडबडीत एक गोष्ट मागं पडली. त्याच डॉक्टरांनी बीपी मोजलं होतं: १७०/१००. मेंदूत रक्तस्राव होतो तो बहुतेक वेळा याच्यामुळं, रोज एक गोळी चुकवू नका, असं बजावलंही होतं. गोळ्यांचं पाकीट अजून फोडलेलं नाही. काकूंनी मला मध्ये घातलं, म्हणून मी विचारलं.

"एकदा लागली की सुटत नाही ती गोळी," अण्णा म्हणाले. "आन् बीपीचं मला काय दुखायलंय?"