कृपया दुसरे बोट वापरून पाहा

प्रति,
मा. तांत्रिक सहायक,
लॅपटॉप कंपनीचे चॅट-मदत केंद्र,
मुक्काम स्क्रीनच्या उजव्या कोपऱ्यातली छोटी खिडकी.

स.न.वि.वि.

परवा रात्री निरोप घेताना आपण लिहिलंत, ‘सर, शेवटचा उपाय म्हणून ऑपरेटिंग सिस्टम पुन्हा टाकून पाहा.’ त्याच चॅटमधली माझी पहिली ओळ तोवर वर सरकून दिसेनाशी झाली असेल, म्हणून इथे पुन्हा देतो: ‘ऑपरेटिंग सिस्टम पुन्हा टाकली, तेव्हापासून बोटाचा सेन्सर चालत नाही.’ निघालो होतो तिथेच मला परत आणून सोडायला आपण अख्खी संध्याकाळ घेतलीत.

विंडोज 10 ची अपडेट्स 14 ऑक्टोबर 2025 ला थांबली. नवी आवृत्ती घालायचीच आहे तर जुना कचरा कशाला सोबत न्या, म्हणून बॅकअप घेऊन फॉरमॅट मारला. वायफाय आलं, टचपॅड आला, आवाज आला. आपल्या ड्रायव्हरच्या पानावर एकाच नावाच्या चार-चार फायली का असतात, हा वेगळ्या पत्राचा विषय आहे. सेन्सरचा ड्रायव्हरही बसला, डिव्हाइस मॅनेजरमधला पिवळा त्रिकोण गेला. मग पिन ठेवला, बोट टेकवलं आणि स्क्रीनवर उमटलं: हे बोट दुसऱ्या खात्यासाठी आधीच नोंदवलेलं आहे, दुसरं बोट वापरून पाहा.

महोदय, या लॅपटॉपवर खातं एकच आहे. ते माझं आहे. बोटही माझं आहे.

यावर आपण मला बोट कोरडं करायला सांगितलंत. केलं. सेन्सर मऊ फडक्याने पुसायला सांगितलात. पुसला. ड्रायव्हर काढा, रीस्टार्ट करा, पिन काढा, पिन पुन्हा ठेवा. सगळं झालं. मग आपण लिहिलंत, ‘सर, दुसरं बोट वापरून पाहिलंत का?’ आपल्याच कंपनीच्या माहितीपुस्तिकेत लिहिलं होतं की बोटाला कापलं-भाजलं तर खोळंबा नको, म्हणून एकाहून जास्त बोटं नोंदवावीत. मी आज्ञाधारक माणूस. जुन्या विंडोजमध्ये दहाच्या दहा नोंदवली होती. आता दहाही ‘दुसऱ्या खात्याची’ निघाली. अकरावं कुठून आणू? पायाचा अंगठा बहुधा चाललाही असता, पण दररोज सकाळी टेबलावर पाय ठेवून लॅपटॉप उघडण्याचं माझं वय राहिलेलं नाही.

शेवटी पहाटे उलगडा झाला, अर्थात आपल्या मदतीशिवाय. या सेन्सरच्या चिपला स्वतःची स्मृती असते. ठशाचं चित्र नव्हे, पण त्यावरून काढलेला नमुना चिपच्या पोटातच राहतो. बोट जुळलं की नाही हे तीच ठरवते आणि संगणकाला फक्त हो किंवा नाही कळवते. फॉरमॅट मारला की डिस्क पुसली जाते. चिपला त्याची खबरही नसते. नव्या विंडोजने मला नवा ओळखक्रमांक दिला. चिपच्या दप्तरी मात्र दहाही बोटं जुन्या क्रमांकावर. म्हणजे ते ‘दुसरं खातं’ मीच होतो. फॉरमॅटच्या आधीचा. फेरफार न झालेल्या सातबाऱ्यासारखं हे प्रकरण: कसणारा तोच, उतारा मात्र त्याला ओळखत नाही.

आणि उपाय? बायोसमध्ये जायचं, सुरक्षेच्या विभागात ‘बोटांचे ठसे पुसा’ असा पर्याय आहे, तो निवडायचा. बस. चहा उकळायच्या आत काम झालं.

म्हणजे आपल्या कंपनीत कुणीतरी हा पर्याय बनवला. त्याला माहीत होतं की माणसं फॉरमॅट मारतात, लॅपटॉप विकतात, चिप मात्र विसरत नाही. त्याला माहीत होतं, त्याच्या साहेबाला माहीत होतं, आणि तुमच्या मदतीच्या पानावर त्याची एक ओळ नाही! फडक्याचा मऊपणा आहे, बोटाचा कोरडेपणा आहे, ही ओळ नाही. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर जुने लॅपटॉप विकायला येतात, त्यांतल्या कितींच्या चिपमध्ये आधीच्या मालकाची बोटं अजून पडून असतील, याचा कुणी विचार केला आहे का? केला असेल तर लपवता का?

सुरक्षेसाठी हे सगळं, असं म्हणू नका. 2023 मध्ये ब्लॅकविंग इंटेलिजन्सच्या संशोधकांनी खुद्द मायक्रोसॉफ्टच्या सांगण्यावरून अशाच चिपचे तीन लॅपटॉप तपासले आणि तिन्हींचं बोट ओळखणारं विंडोज हॅलो चकवलं. त्यांतल्या एकाच्या चिपमध्ये विंडोजची आणि लिनक्सची यादी वेगवेगळी होती. संशोधकांनी लिनक्सच्या यादीत खऱ्या मालकाच्या क्रमांकावर स्वतःचं बोट नोंदवलं आणि चिपला तीच यादी वाचायला लावली. चिपने निमूट होकार दिला. परक्याच्या बोटाला होकार, आणि मला म्हणे बोट कोरडं करा.

बोटालाच दोष द्यायची ही रीत आपण शोधलेली नाही, एवढं मान्य करतो. आधारचे पहिले क्रमांक नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभलीत 29 सप्टेंबर 2010 ला दिले गेले. पुढे रेशन दुकानांत ठसे तपासणारी यंत्रं आली, आणि विटा वाहून, भांडी घासून रेषा झिजलेल्या बायका तिथे ऐकत आल्या आहेत: थम लागत नाही, हात पुसा, दुसरं बोट द्या. माझा फक्त एका रात्रीचा वेळ गेला. त्यांचा महिन्याचा तांदूळ अडतो.

आता आपल्याविषयी. खिडकीत आपलं नाव कुठल्याशा इंग्रजी मालिकेतल्या नायकासारखं होतं. ते आपल्या आईने ठेवलेलं नसावं. प्रत्येक उत्तराला लागणारा वेळ पाहता, माझ्यासारख्या आणखी काही वैतागलेल्या लोकांच्या खिडक्या त्याच क्षणी आपल्यासमोर उघड्या असाव्यात. मी एकदा जरा कडवट लिहिलं, तेव्हा उत्तरात आधी ‘सॉरी सर’ आलं, नंतर एक क्षण काहीच नाही, आणि मग ठरलेलं लांबलचक दिलगिरीचं वाक्य. त्या पहिल्या दोन शब्दांत स्पेलिंगची चूक होती, म्हणून ते तेवढे आपले स्वतःचे होते हे मला कळलं. आपल्यापुढे हा लॅपटॉप कधी आला नसेल. जी यादी हातात दिली, ती आपण वाचलीत. तिच्यात बायोस नव्हतं, यात आपला काय दोष?

तेव्हा पुढची ओळ उचला आणि जिथे उत्तरं साठवता तिथे चिकटवा: ‘फॉरमॅटनंतर बोट आधीच नोंदवलेलं दाखवत असेल, तर बायोसमधल्या सुरक्षा विभागातून चिपवरचे ठसे पुसा, मग नव्याने नोंदवा.’ साहेबांनी विचारलं, तर हे एका ग्राहकाने सांगितलं म्हणा. फडकं आणि कोरडं बोट त्याखाली राहू द्या, एकदम काढलंत तर त्यांना राग येईल.

आपला,
दहाही बोटांसह पुनर्नोंदणी झालेला एक ग्राहक

ता.क. चॅट संपल्यावर तारे द्यायला सांगितले, ते पाच दिले. आपल्यासाठी. कंपनीला द्यायचे कुठे ते शोधलं, पण तो रकाना सापडला नाही.